संग्रहालय, स्वयंसेवा आणि संगीत : तिन्ही गोष्टी आयुष्यात टिकवायच्या कशा

इंग्लंडमधल्या पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या ६,७१० लोकांचा १४ वर्षं मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास डिसेंबर २०१९मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. संग्रहालयं, कलादालनं, नाटकं, मैफली अशा ठिकाणी वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांचा त्या काळातला मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसला, तर दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांचा ३१ टक्क्यांनी. पण आकडे वाचून लगेच तिकीट काढायला धावू नका. ज्याचे गुडघे धड आहेत, खिशात चार पैसे आहेत आणि सोबतीला कुणी आहे तोच मैफलीला जातो, आणि असा माणूस एरवीही जास्त जगतो. संशोधकांनी पैसा, शिक्षण, तब्येत यांचा हिशेब वेगळा काढून पाहिला, तरी बराच फरक उरला. तरीही 'गेले म्हणूनच जगले' असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही आणि तसा दावा त्यांनीही केलेला नाही.

संगीताच्या बाबतीत तर याहून मोठा गोंधळ झाला. १९९३मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली, त्यानंतर आकार-जागेच्या कोड्यांमध्ये त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बस्स, एवढंच. पण त्यातून 'मोझार्टने मूल हुशार होतं' अशी हवा झाली. १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका द्यायची योजना मांडली! बाळांच्या बुद्धीबद्दल मूळ प्रयोगात चकार शब्द नव्हता.

हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण औषध म्हणून सुरू केलेला छंद दुसऱ्या महिन्यात सुटतो. गोळीसारखा गुण लगेच दिसत नाही आणि मग वर्ग, भेटी, संस्था सगळं मागे पडतं. ज्यांच्या आयुष्यात या गोष्टी वर्षानुवर्षं टिकतात त्यांच्याकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी हमखास दिसतात : त्यांची वेळ ठरलेली असते, आणि त्या वेळी कुणीतरी त्यांची वाट पाहत असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टी जुळवून आणण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : आधी वार ठरवा

आवड कोणती, हा प्रश्न नंतरचा. आठवड्यातला कोणता वार आणि कोणते दोन तास खरोखर तुमचे आहेत, ते आधी पाहा. 'वेळ मिळेल तसं' ही वेळ कधीच मिळत नाही. घरातल्यांना तो वार सांगून टाका, कॅलेंडरमध्ये घाला, आणि पहिले तीन महिने तिन्हींपैकी एकच गोष्ट करा. उत्साहाच्या भरात गिटारचा वर्ग, शनिवारची संस्था आणि महिन्याचं संग्रहालय एकदम सुरू केलं, तर बहुधा तिन्ही एकदमच बंद पडतात.

कोणती आधी? डोकं कामाने आंबून गेलं असेल तर भेटींपासून सुरुवात करा. तिथे तुमच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते. एकटेपणा खात असेल तर स्वयंसेवा किंवा समूहगान. हाताने काही शिकावंसं बरेच दिवस वाटत असेल तर वाद्य. नवीन गावात राहायला आला असाल तर माझं मत स्वयंसेवेच्या बाजूने, कारण तिथे ओळखी आपोआप होतात.

दुसरी पायरी : कमी पाहा, पण पाहा

१९१६मध्ये बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला. एका माणसाला काचपेट्यांमधल्या वस्तू नीट पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितलं आणि तो काय करतो याची छायाचित्रं काढली. तो वाकत होता, उकिडवा बसत होता, मान तिरपी करत होता. गिलमन यांचा निष्कर्ष असा की दोष वस्तू मांडणाऱ्यांचा आहे. शंभर वर्षांत मांडणी पुष्कळ सुधारली, पण आपण अजूनही तसेच दमतो, कारण सगळं बघून टाकायचं असतं. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीपुढे सरासरी किती वेळ थांबतात ते मोजलं. उत्तर आलं २७ सेकंद, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. त्यातही पाटी वाचण्यात गेलेला वेळ धरलेला होता.

म्हणून एका भेटीत तीन वस्तू पुरेत. जाण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या निवडा, शक्यतो एकाच मजल्यावरच्या. दार उघडताच जा किंवा शेवटच्या दीड तासात जा, गर्दी कमी असते. पिशवी सामानघरात ठेवा. दीड तास झाला की बाहेर या, राहिलेलं कितीही मोह घालत असलं तरी. अर्धं राहिलेलं संग्रहालय हेच पुढच्या खेपेचं निमित्त होतं.

आता त्या तीन वस्तूंपुढे करायचं काय? पाटी वाचू नका. निदान दहा मिनिटं तरी नाही. एक उदाहरण घेऊ, म्हणजे कळेल. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयक यांचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे, उंची जेमतेम ८२ सेंटिमीटर. पहिल्या मिनिटात दिसतं ते एवढंच : मोठी टोपी घातलेला पुरुष, हिरव्या घोळदार पोशाखातली स्त्री, पायाशी कुत्रा. ती गरोदर असावी असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे तिने पोशाखाचा जड घोळ पोटाशी उचलून धरला आहे. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खिडकीतली संत्री दिसतात, डाव्या कोपऱ्यात काढून ठेवलेल्या लाकडी खडावा दिसतात, वरच्या झुंबरात भर दिवसा जळणारी एकच मेणबत्ती दिसते. मग नजर मागच्या भिंतीवरच्या फुगीर आरशावर जाते. त्यात दोघांच्या पाठी आहेत, आणि त्यांच्यापलीकडे दारात उभी असलेली आणखी दोन माणसं! म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथे कुणीतरी आहे. आरशाच्या चौकटीत दहा इवली गोल चित्रं आहेत आणि वर भिंतीवर लॅटिनमध्ये लिहिलं आहे : 'यान व्हान आयक इथे होता, १४३४'. हे सगळं पाटीने आधीच सांगितलं असतं तर तुम्ही फक्त खूण पटवून पुढे गेला असता. हे चित्र गॅलरीच्या संकेतस्थळावर मोठं करून पाहता येतं, तेव्हा हा सराव घरबसल्याही करता येईल.

हार्वर्डमधल्या कलेतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एका चित्रापुढे तीन तास बसायला लावतात. तुम्ही दहा मिनिटांवर सुरुवात करा. अडलात तर स्वतःला विचारा : उजेड कुठून येतोय? कडेला काय आहे? कुठे डागडुजी झालेली दिसते? हे करणाऱ्याला सगळ्यांत अवघड काय गेलं असेल? पेन्सिल आणि छोटी वही जवळ असू द्या. पेनाला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. चित्रकला येत नसली तरी रेघोट्या मारा, कारण काढायला घेतल्याशिवाय बोटं किती आणि कशी वळली आहेत हे कळत नाही.

सोबत न्या, पण एकच माणूस, आणि त्याला माहिती सांगत बसू नका. 'तुला काय दिसतंय?' एवढंच विचारा. मुलं बरोबर असतील तर प्रत्येकाला एक वस्तू निवडू द्या आणि कंटाळली की निमूट बाहेर पडा. ओढत नेलेलं मूल मोठेपणी संग्रहालयाच्या वाटेला जात नाही. जुन्या वास्तूला गेलात तर आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. पावसाचं पाणी कुठून वाहून जातं, दगडाचे सांधे कसे बसवले आहेत, पायऱ्या कुठे जास्त झिजल्या आहेत हे पाहिलं की लोक तिथे कसे वावरत होते ते उमगायला लागतं.

कॅनडातल्या माँट्रियालच्या ललित कला संग्रहालयाने २०१८मध्ये डॉक्टरांच्या संघटनेबरोबर एक उपक्रम सुरू केला : डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की रुग्णाला संग्रहालयात फुकट प्रवेश. चिठ्ठीवर रुग्णाबरोबर सोबत्यालाही जाता येत होतं. मला त्यातली ही सोबत्याची सोय सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

तिसरी पायरी : संगीत शिकायला बसणं

'माझा गळाच बेसूर आहे' हे वाक्य संगीत शिक्षकांना रोज ऐकावं लागतं. सुरांमधला फरक जन्मतःच न कळणारे लोक असतात, पण फार थोडे. दोन सुरांपैकी वरचा कोणता हे तुम्हाला कळत असेल तर तुम्ही त्यांच्यात नाही. बाकीच्यांचं दुखणं बहुधा सवयीचं असतं : स्वतःचा आवाज ऐकत ऐकत गायची सवय लागलेली नसते. ती लागते.

वाद्य निवडताना ते कसं दिसतं यापेक्षा तुम्ही एरवी काय ऐकता ते पाहा. पेटी किंवा पियानोवर पट्टी दाबली की सूर बरोबर येतो, त्यामुळे सुरुवात सुखाची होते. व्हायोलिनवर किंवा बासरीवर नुसता स्वच्छ सूर निघायलाच दिवस जातात, हे माहीत असू द्या. तालवाद्याला शेजाऱ्यांची संमती लागते. पहिले तीन महिने वाद्य विकत घेऊ नका; भाड्याने घ्या नाहीतर कुणाचं माळ्यावर पडलेलं मागून आणा.

शिक्षक निवडण्याआधी एक तास वर्गात नुसतं बसायची परवानगी मागा. सगळ्यांत तयार विद्यार्थ्याकडे पाहू नका, तो कुठेही शिकला असता. मधल्या, अडखळणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहा. तो चुकला की शिक्षक काय करतात? नुसतं 'पुन्हा' म्हणतात, की चूक नेमकी कुठे आणि कशामुळे झाली ते दाखवतात? चूक दाखवणारे असतील तर तिथेच नाव घाला. पहिल्याच भेटीत परीक्षेच्या तारखा सांगणाऱ्यांपासून मात्र मी चार हात लांब राहीन. परीक्षा वाईट नसते, पण तीन बंदिशी घोटून प्रमाणपत्र मिळवलेल्याला चौथी स्वतःहून बसवता येत नाही.

आता रियाज. रोज वीस मिनिटं हे रविवारच्या दोन तासांपेक्षा चांगलं. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्मरणावरचे प्रयोग छापले तेव्हापासून हे माहीत आहे : विभागून केलेला सराव एकगठ्ठा सरावापेक्षा जास्त टिकतो. त्या वीस मिनिटांची वाटणी अशी करून पाहा. पहिली पाच मिनिटं फक्त आधारस्वर : तंबोरा किंवा त्याचं अॅप लावा आणि एकच सूर लांब धरा, तो तंबोऱ्यात मिसळून गेल्यासारखा वाटेपर्यंत. पुढची दहा मिनिटं एकाच अडलेल्या जागेला द्या. अख्खी रचना पहिल्यापासून वाजवत बसायचा मोह होतो. त्यात जे येतं तेच पुन्हा पुन्हा वाजतं आणि अडतं तिथे रोज तशीच ठेच लागते. त्याऐवजी ठेच नेमक्या कोणत्या दोन सुरांमध्ये लागते ते शोधा. फक्त ते दोन सूर वाजवा, लय इतकी कमी ठेवा की चूक होणंच शक्य नाही. सलग पाच वेळा बरोबर आलं की मागचा एक सूर जोडा, मग पुढचा एक. त्यानंतर लय जराशी वाढवा. चुकलात तर लय पुन्हा खाली आणा, जिद्दीला पेटू नका. चुकीचं दहा वेळा वाजवलं की हाताला चुकीचंच वळण लागतं. शेवटची पाच मिनिटं तुम्हाला आवडेल ते वाजवा, मनसोक्त. त्यातलं एक मिनिट फोनवर रेकॉर्ड करा आणि ते दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपण काय वाजवलं यापेक्षा काय वाजवायचं होतं तेच कानाला ऐकू येतं.

काही महिन्यांनी गाडी अडते. कान पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो, म्हणून आपण बिघडलो असं वाटतं. बहुतेक जण इथेच सोडतात. या टप्प्यावर दुसऱ्यांबरोबर वाजवायला किंवा गायला लागणं हा मला माहीत असलेला सगळ्यांत खात्रीचा उपाय. व्हेनेझुएलात होसे अंतोनियो अब्रेऊ यांनी १९७५मध्ये सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा' या उपक्रमात मुलांना अगदी सुरुवातीपासून वाद्यवृंदात बसवतात. आधी एकट्याने तयार व्हा, मग या, असं नसतं. गुस्ताव्हो दुदामेल हे आजचे नामांकित वाद्यवृंद-संचालक तिथूनच आले. समूहात तुमचे दोन सूर सुटले तरी गाणं चालू राहतं, आणि तालमीला तुम्ही आला नाहीत हे मात्र लगेच कळतं.

ओळखी व्हायला गाणं किती कामाचं आहे याचा एक छान पुरावा ब्रिटनमध्ये मिळाला. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांचे नवे वर्ग सात महिने पाहिले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाणाऱ्यांमध्ये जवळीक फार लवकर झाली. सात महिन्यांनंतर मात्र सगळेच वर्ग जवळजवळ सारखेच एकजीव झाले होते. म्हणजे हस्तकला आवडत असेल तर बिनधास्त तिकडे जा, थोडा उशीर लागेल एवढंच.

मुलांसाठी म्हणून वर्ग शोधत असाल तर जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांची पद्धत समजून घ्या. मूल मातृभाषा शिकतं तसं, आधी भरपूर ऐकून, संगीत शिकवायचं ही तिची कल्पना. तिच्यात आई किंवा वडील वर्गात बसतात आणि सुरुवातीचे धडे स्वतःही शिकतात. मुलाला दारात सोडून गाडीत फोन बघत बसणाऱ्या पालकांना हे जड जाईल.

चौथी पायरी : स्वयंसेवा, पण कामाची

संयुक्त राष्ट्रांनी १९८५मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला. संस्थांची ओळख करून घ्यायला तो दिवस ठीक आहे. माणसं खरी लागतात ती इतर दिवशी, एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी, जेव्हा कुणी फोटो काढत नसतं.

संस्थेत गेल्यावर एकच प्रश्न विचारा : 'मी आलो नाही तर कोणतं काम अडेल?' उत्तर नेमकं मिळालं, उदाहरणार्थ 'वाचनालयाची पुस्तकं जागेवर लागणार नाहीत', तर तिथे तुमची गरज आहे. 'या हो, काहीतरी देऊ' असं मिळालं तर दुसरीकडे पाहा. तुम्हाला प्रशिक्षण देतात का, तुमच्यावर लक्ष ठेवणारी एक ठरावीक व्यक्ती आहे का, मुलांबरोबर किंवा वृद्धांबरोबर काम असेल तर तुमची कागदपत्रं तपासतात का? तपासणीचा राग मानू नका. जिथे कुणालाही कुणाहीजवळ थेट पाठवतात तिथूनच परत फिरावं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 'एक्स्पीरियन्स कोअर' या उपक्रमात साठीपुढचे लोक प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास मुलांना वाचनात मदत करत. त्यांच्या मेंदूवर आणि हालचालीवर काय परिणाम होतो हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांमध्ये तपासलं, आणि काही मोजमापांत चांगला फरक दिसला. मला त्यातली रचना जास्त महत्त्वाची वाटते : आधी प्रशिक्षण, मग ठरलेली शाळा, ठरलेले तास, आणि एकेकट्याला न पाठवता गटाने पाठवणं. पंधरा तास सगळ्यांना शक्य नाहीत. पंधरवड्यातून दोन तास कबूल करा, पण ते मोडू नका, आणि सुरुवातीलाच तीन महिन्यांची मुदत ठरवा म्हणजे निघताना अवघडल्यासारखं होणार नाही.

एक काम मात्र करू नका : परगावी, परदेशी जाऊन आठवडा-दोन आठवडे अनाथालयातल्या मुलांशी खेळणं. मुलांना जीव लागतो आणि लावणारा निघून जातो, हे त्यांच्या वाट्याला वर्षातून कितीदा यायचं? शिवाय अनेक देशांत अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांचा पैसा हेच मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवण्याचं कारण होऊन बसतं.

घराबाहेर पडता येत नसेल तरी कामं आहेत. 'लिब्रिव्हॉक्स' या संकेतस्थळासाठी २००५पासून स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. २००७च्या 'गॅलॅक्सी झू' या प्रकल्पातून वाढलेल्या 'झूनिव्हर्स' या संकेतस्थळावर आकाशगंगांची छायाचित्रं वेगळी करण्यापासून जुनी हस्तलिखितं उतरवण्यापर्यंत कामं मिळतात. 'बी माय आइज' या २०१५च्या अॅपवर दृष्टिहीन व्यक्तीचा व्हिडिओ कॉल येतो : डब्यावरची मुदत वाचून दाखवा, दोन मोज्यांचा रंग एकच आहे का सांगा. दोन मिनिटांचं काम असतं.

पाचवी पायरी : तिन्ही एकमेकांत गुंफणं

वर्षभराने हे आपसूक होऊ लागतं, तेव्हा घाई नको. मैफलीत प्रेक्षकांना जागा दाखवणारे स्वयंसेवक आत उभे राहून गाणं ऐकतात. संग्रहालयं स्वयंसेवक मार्गदर्शकांना शिकवून तयार करतात. एखादं दालन दहादा पाहिलेल्या माणसाला त्यात पुढचं पाऊल सापडतं.

वृद्धाश्रमात गायला जाणं हा त्यातला माझा आवडता प्रकार, पण तो नीट करावा लागतो. माणसाच्या सगळ्यांत ठळक आठवणी साधारण १० ते ३० या वयातल्या असतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलेलं आहे. म्हणून यादी तुमच्या आवडीची नको. समोरचे ऐंशीचे असतील तर साठ वर्षं मागे जा आणि तेव्हाची गाणी बसवा. अर्धा तास पुरे. माइक टाळा, कानयंत्रात मोठा आवाज नुसता टोचतो. पट्टी खाली ठेवा, म्हणजे त्यांना बरोबर गाता येईल. फर्माइश आली आणि गाणं येत नसेल तर त्यांनाच सुरुवात करायला सांगा आणि तुम्ही मागून धरा. गाणी संपली की लगेच वाद्य आवरू नका, दहा मिनिटं बसा. बोलणं तेव्हाच सुरू होतं.

अधूनमधून आढावा

सहा महिन्यांनी कागद घेऊन बसा. कोणत्या दिवशी जायला पाय ओढत होते आणि परत येताना कसं वाटलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही लिहा. जाताना कंटाळा आणि येताना बरं वाटत असेल तर चालू ठेवा. जाताना कंटाळा आणि येतानाही चिडचिड, असं सलग महिनाभर झालं तर सोडा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. सोडताना मात्र अचानक गायब होऊ नका. शिक्षकांना किंवा संस्थेतल्या जबाबदार माणसाला निदान दोन आठवडे आधी सांगा, हातातलं काम कुठवर आलं ते लिहून द्या, आणि वाद्य, किल्ली, ओळखपत्र जे काही घेतलं असेल ते परत करा.